फेडरल न्यायाधीशपदाच्या उमेदवाराला पाठिंबा द्यायचाय? मग हा क्रम पाळा

डिस्ट्रिक्ट कोर्टाच्या न्यायाधीशपदासाठी एखादं भारतीय आडनाव जाहीर झालं की अमेरिकेतल्या आपल्या ग्रुपांवर त्याच संध्याकाळी अभिनंदनाचा पूर येतो. कुणीतरी ऑनलाइन सह्यांची मोहीम काढतं, आणि महाराष्ट्र मंडळाची कार्यकारिणी सत्कारासाठी हॉल मोकळा आहे का ते विचारायला लागते. यातल्या एकाही गोष्टीने सिनेटमधलं, म्हणजे अशा नेमणुकांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहातलं, एक मतसुद्धा हलत नाही. काही गोष्टींनी तर उमेदवाराच्या वाटेत काटेच पेरले जातात.

सिनेटला अभिनंदन नको असतं, साक्ष हवी असते. या माणसाचं काम कोणी जवळून पाहिलंय, काय पाहिलंय आणि ते लेखी द्यायला कोण तयार आहे, एवढंच तिथे मोजलं जातं. तेही योग्य वेळी, योग्य पत्त्यावर पोचलं तर. म्हणून खालचे टप्पे क्रमाने वाचा. मधला एखादा गाळून पुढे उडी मारू नका.

1. पद नेमकं कोणतं, ते आधी बघा

फेडरल, म्हणजे केंद्रीय, व्यवस्थेत खटले जिथे चालतात ती यू. एस. डिस्ट्रिक्ट कोर्टं. देशात असे 94 डिस्ट्रिक्ट आहेत. तिथल्या डिस्ट्रिक्ट जजचं नाव राष्ट्राध्यक्ष सुचवतात, सिनेट मंजुरी देते आणि नेमणूक जवळजवळ सगळीकडे तहहयात असते. हा लेख या पदाबद्दल आहे.

त्याच इमारतीत मॅजिस्ट्रेट जजही बसतात. त्यांची मुदत 8 वर्षांची आणि त्यांना त्या कोर्टाचे डिस्ट्रिक्ट जजच निवडतात. दिवाळखोरीची प्रकरणं बघणारे बँकरप्सी जज 14 वर्षांसाठी असतात, त्यांना अपील कोर्ट नेमतं. या दोघांचा सिनेटशी संबंध नाही. सिनेटरला पत्र लिहाल तर त्याच्या ऑफिसातला मुलगा नम्रपणे ते फाईलला लावेल, बस.

⚠ इशारा: टेक्सससारख्या राज्यात राज्याच्या कोर्टांनाही डिस्ट्रिक्ट कोर्टच म्हणतात आणि तिथले न्यायाधीश निवडणुकीने येतात. ती निवडणूक असल्यामुळे करमुक्त मंडळाने तिथे कुणाचीही बाजू घेणं सरळ बेकायदा आहे. फेडरल नामांकन आणि राज्यातली निवडणूक यांचे नियम वेगळे आहेत. व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोत हे कळत नाही.

✔ तपासा: अमेरिकी काँग्रेसच्या (म्हणजे संसदेच्या) अधिकृत संकेतस्थळावर नामांकनांच्या विभागात नाव शोधा. नामांकन सिनेटकडे रीतसर पोचलं असेल तर त्याला पीएन अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक मिळालेला असतो. हा क्रमांक लिहून ठेवा. पुढे प्रत्येक पत्रात तो लागणार आहे.

2. नाव सध्या कुठे अडकलंय, ते ओळखा

घोषणा झाली म्हणजे नामांकन झालं, हा सगळ्यात मोठा गैरसमज. राष्ट्राध्यक्ष आधी नाव जाहीर करतात, कागद सिनेटकडे पुष्कळदा नंतर जातात. त्याच्याही आधी बरंच काही घडून गेलेलं असतं: त्या राज्याच्या सिनेटरांनी नेमलेली छाननी समिती (अनेक राज्यांत असते), व्हाइट हाउसच्या वकिलांची मुलाखत, न्याय खात्याची तपासणी, एफबीआयची चौकशी.

कागद सिनेटकडे गेले की ते सिनेटच्या ज्युडिशियरी कमिटीकडे (न्यायविषयक समितीकडे) येतात आणि कमिटी उमेदवाराच्या राज्यातल्या दोन्ही सिनेटरांना एक निळा कागद पाठवते. हीच ती ब्लू स्लिप. 1917 च्या सुमारास सुरू झालेली ही प्रथा कायद्यात कुठेही लिहिलेली नाही, ती कमिटीच्या अध्यक्षाच्या मर्जीवर चालते. अपील कोर्टांच्या उमेदवारांसाठी ती आता पाळली जात नाही, पण डिस्ट्रिक्ट कोर्टासाठी अजून पाळतात. 2025 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी तिच्यावर उघड टीका केली, तरी त्यांच्याच पक्षाचे अध्यक्ष चक ग्रासली यांनी ती सोडली नाही. म्हणजे घरच्या राज्यातल्या एका सिनेटरने जरी कागद अडवून ठेवला, तर सुनावणीच लागत नाही.

यातून निघणारा अर्थ साधा आहे. तुमची सगळ्यात जास्त ताकद वॉशिंग्टनमध्ये नाही, तुमच्याच राज्यातल्या दोन सिनेटरांच्या ऑफिसात आहे, आणि तीही सुरुवातीच्या आठवड्यांत. लोक नेमके उलटे वागतात. सुरुवातीला गप्प बसतात आणि शेवटच्या मतदानाच्या वेळी शंभर सिनेटरांना ईमेल पाठवत सुटतात.

वॉशिंग्टन डी. सी.च्या डिस्ट्रिक्ट कोर्टाचा प्रकार निराळा. त्या शहराला सिनेटरच नाहीत, त्यामुळे तिथे ब्लू स्लिपचा प्रश्न येत नाही.

3. लिहिण्याआधी विचारा

उमेदवाराला या काळात जवळजवळ मौनव्रत असतं. त्यांनी मुलाखती द्यायच्या नाहीत, प्रचार करायचा नाही, स्वतःसाठी पत्रं गोळा करत फिरायचं नाही, अशीच रीत आहे. बहुतेक वेळा जुना सहकारी, आधीचा क्लार्क (न्यायाधीशाच्या हाताखाली काम करणारा तरुण वकील) किंवा लॉ फर्ममधला भागीदार असा कुणीतरी एकजण पाठिंब्याच्या पत्रांचा हिशेब ठेवत असतो. आधी तो समन्वयक शोधा.

त्याला तीनच प्रश्न विचारा. पत्र हवंय का? कुणाच्या नावे? कधीपर्यंत? कधी उत्तर येतं, "आत्ता नको." ते ऐका. सिनेटरशी बोलणी नाजूक वळणावर असताना बाहेरून आलेला गलका नडतो.

⚠ इशारा: उमेदवाराला थेट फोन करून "आम्ही तुमच्यासाठी काय काय करतोय" याची यादी वाचू नका. कमिटीची प्रश्नावली सविस्तर असते. नामांकनासंदर्भात कोणाशी काय बोलणं झालं, हेही त्यांना लिहून द्यावं लागू शकतं. तुमच्या उत्साहाचा जाब त्यांना का द्यावा लागावा?

उमेदवार आज मॅजिस्ट्रेट जज किंवा राज्याच्या कोर्टात न्यायाधीश असेल आणि तुमचं किंवा तुमच्या कंपनीचं प्रकरण त्यांच्यासमोर चालू असेल, तर तुम्ही पत्र लिहायचंच नाही. इथे विषय संपतो.

4. पत्र कोणी लिहायचं

इथे थोडा वेळ काढा. बहुतेक मोहिमा इथेच फसतात.

उमेदवाराने भरलेल्या प्रश्नावलीचा जाहीर भाग कमिटीच्या संकेतस्थळावर असतो. तो उतरवून घ्या आणि नीट वाचा. त्यात उमेदवाराने लढवलेली दहा सर्वात महत्त्वाची प्रकरणं असतात. प्रत्येकात न्यायाधीश कोण होते, बरोबरचे वकील कोण, आणि समोरचे वकील कोण, हेही दिलेलं असतं. समर्थकांसाठी याहून चांगली यादी दुसरी नाही, आणि तिच्यात सगळ्यात मोलाची नावं म्हणजे समोरच्या बाजूच्या वकिलांची. जो हरला, तो जर लिहित असेल की हा माणूस न्यायाने वागला, तर ते पत्र कमिटीचा कर्मचारी बाजूला काढून ठेवतो.

माझ्या मते वजनाचा क्रम असा लागतो: विरोधी वकील, उमेदवाराच्या राजकीय मतांशी न पटणारे पण त्यांच्याबरोबर काम केलेले लोक, फौजदारी कामात असतील तर सरकारी वकील आणि बचावाचे वकील दोघेही, हाताखाली काम केलेले कनिष्ठ वकील आणि क्लार्क, त्यांच्या कामाचा प्रत्यक्ष अनुभव घेतलेले सामान्य नागरिक. मग बरंच अंतर सोडून समाजाच्या संघटना. आणि अगदी शेवटी आपण, म्हणजे ज्यांनी त्यांना गणपतीत आरती म्हणताना पाहिलंय.

हे वाचून वाईट वाटून घेऊ नका. तुमच्याकडे खरी साक्ष असू शकते, ती फक्त शोधावी लागते. पेटंटच्या खटल्यात तज्ज्ञ साक्षीदार म्हणून तुमची उलटतपासणी त्यांनी घेतली होती का? व्हिसाच्या प्रकरणात त्यांनी तुमची केस फुकट लढवली होती का? शाळेच्या बोर्डावर किंवा एखाद्या आश्रयगृहाच्या विश्वस्त मंडळावर तुम्ही एकत्र होतात, आणि तिथे वाद झाला तेव्हा उमेदवार कसे वागले? हे सगळं चालतं. "माझ्या मुलीची मैत्रीण" हे चालत नाही.

एच-1बी किंवा ग्रीन कार्डवर असलेले लोक विचारतात, आम्ही लिहू शकतो का? लिहू शकता. सरकारकडे अर्ज-विनंती करायचा हक्क नागरिकांपुरता नाही. फक्त "मी तुमचा मतदार" असं लिहू नका. "मी अमुक शहरात राहतो" एवढं पुरे, आणि खरंही. पुण्या-नागपूरहून काका-मामांची पत्रं मागवू नका. तिकडच्या कुणी उमेदवाराबरोबर खरोखर व्यावसायिक काम केलं असेल तर गोष्ट वेगळी.

सरकारी नोकरीत असाल, फेडरल किंवा राज्याच्या, तर आधी आपल्या खात्याच्या एथिक्स ऑफिसला विचारा, आणि ऑफिसचं लेटरहेड व ऑफिसचा ईमेल अजिबात वापरू नका.

एक बाब अलीकडे बदलली आहे. अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या देशव्यापी संघटनेची समिती 1953 पासून उमेदवारांची गुपचूप चौकशी करून ‘उत्तम पात्र’, ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा देत आली. त्यासाठी ती सहकाऱ्यांना आणि विरोधी वकिलांना फोन करायची. मे 2025 मध्ये अॅटर्नी जनरल (न्याय खात्याच्या प्रमुख) पॅम बॉन्डी यांनी कळवलं की उमेदवार यापुढे त्या समितीच्या प्रश्नावल्यांना उत्तरं देणार नाहीत आणि मुलाखतींनाही बसणार नाहीत. ती वाट अरुंद झाल्यावर सहकाऱ्यांच्या थेट पत्रांचं वजन वाढतं, असं मला वाटतं.

✔ तपासा: तुमच्या यादीत किमान एक विरोधी वकील आणि किमान एक वेगळ्या राजकीय विचाराचा माणूस आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका, आधी ते शोधा.

5. पत्रात काय लिहायचं

पत्र अर्थातच इंग्रजीत, आणि एका पानाचं. दुसऱ्या पानावर गेलं तरी अर्ध्याच्या पुढे नाही. सर्वात वर तारीख. मग कमिटीचे अध्यक्ष आणि विरोधी पक्षाचे ज्येष्ठ सदस्य, दोघांच्याही नावे. एकालाच लिहिलं की पत्र पक्षाचं वाटतं. पदावर कोण आहे ते त्या दिवशी तपासून घ्या. निवडणुकीनंतर बहुमत बदललं की नावं बदलतात. विषयाच्या ओळीत उमेदवाराचं पूर्ण नाव, डिस्ट्रिक्टचं पूर्ण नाव आणि पीएन क्रमांक. ‘न्यू यॉर्कच्या कोर्टासाठी’ असं लिहून भागत नाही, त्या राज्यात चार डिस्ट्रिक्ट आहेत.

पहिल्या परिच्छेदात दोन वाक्यांत तुम्ही कोण आणि उमेदवाराला किती वर्षं, कोणत्या नात्याने ओळखता. दुसऱ्यात एक प्रसंग. तिसऱ्यात त्या प्रसंगावरून न्यायाधीश म्हणून त्यांच्याबद्दल काय दिसतं. शेवटी स्पष्ट विनंती. संपलं.

सगळी मदार त्या एका प्रसंगावर असते. आपल्याकडून साधारण असं लिहिलं जातं:

"त्या अत्यंत हुशार, मेहनती, नम्र आणि कुटुंबवत्सल आहेत. भारतीय समाजाला त्यांचा अभिमान वाटतो."

हे कुणाच्याही बद्दल लिहिता येतं, म्हणून ते कुणाच्याच उपयोगाचं नाही. आता हे बघा:

"तो खटला चालू असताना आमच्या अशिलाबरोबरची एक गोपनीय ईमेल आमच्या ऑफिसकडून चुकून त्यांच्याकडे गेली. त्यांनी पहिल्या दोन ओळींवर थांबून मला फोन केला, ती पुसून टाकली आणि तसं लेखी कळवलं. त्या ईमेलमध्ये आमच्या बाजूची सगळ्यात दुबळी कडी होती, हे मला माहीत होतं. त्यांना ते कधीच कळलं नाही."

यात एकही विशेषण नाही, तरी प्रामाणिकपणा दिसतो. न्यायाधीशाबद्दल कमिटीला जे हवं असतं, ते म्हणजे संयम, निःपक्षपातीपणा, कायद्याची समज, कामाचा उरक आणि दुबळ्या बाजूशीही नीट बोलण्याची सवय. यातला एकच गुण निवडा आणि तो एकाच प्रसंगातून दाखवा.

⚠ इशारा, आणि हा नीट वाचा: "आपला माणूस बेंचवर बसेल", "आता भारतीयांना न्याय मिळेल", "स्थलांतरितांच्या बाजूने निकाल लागतील" अशा अर्थाचं एक वाक्यही कुठे लिहू नका. पत्रात नाही, फेसबुकवर नाही, मंडळाच्या वार्तापत्रात नाही. विरोधक ते उचलतात आणि सुनावणीत उमेदवाराला विचारतात. त्या बिचाऱ्यांना मग तुमच्या वाक्याचा खुलासा करत बसावं लागतं. पहिल्या दक्षिण आशियाई न्यायाधीश वगैरे गोष्ट खरी असेल तर ती एका अर्ध्या वाक्यात येऊ द्या, पाठिंब्याचं कारण म्हणून नाही.

काय वगळायचं, तेही सांगतो. अशिलाची गोपनीय माहिती, चालू खटल्यांवर मत, उमेदवार अमुक प्रश्नावर कसा निकाल देईल याचा अंदाज, त्यांच्या धर्माचा किंवा जातीचा उल्लेख, घरचा पत्ता. ही पत्रं सुनावणीच्या नोंदीत जातात आणि जाहीर होतात. वीस वर्षांनी कुणी वाचलं तरी चालेल, एवढंच लिहा.

पत्राचा साचा करून पन्नास जणांना वाटू नका. कर्मचारी दोन सारखी पत्रं ओळखतात आणि मग दोन्हींची किंमत शून्य होते. पुष्कळ लोकांना एकाच गोष्टीवर सही करायची असेल, उदाहरणार्थ एकाच फर्ममधले माजी सहकारी, तर एकच संयुक्त पत्र करा आणि प्रत्येक नावापुढे उमेदवाराबरोबर केव्हा, कुठे काम केलं ते लिहा. अशी पत्रं फार चांगली चालतात.

6. मंडळाने पत्र द्यायचं ठरवलं तर

अमेरिकेतली बहुतेक महाराष्ट्र मंडळं 501(सी)(3) या धर्मादाय संस्थांसाठीच्या करकलमाखाली करमुक्त आहेत. इथे दोन टोकाच्या चुका होतात. काही अध्यक्ष घाबरून म्हणतात, आपल्याला राजकारणात पडताच येत नाही. काही जण बेधडक लेटरहेडवर पत्र काढून मोकळे होतात.

खरा नियम मधला आहे. सिनेटच्या मंजुरीसाठी नाव गेलेला न्यायाधीश हा निवडणुकीचा उमेदवार नसतो, त्यामुळे निवडणूक प्रचाराची बंदी इथे लागत नाही. पण आयआरएसने (अमेरिकी करखात्याने) 1988 च्या नोटीस 88-76 मध्ये स्पष्ट केलं आहे की फेडरल न्यायाधीशाच्या मंजुरीसाठी सिनेटवर प्रभाव टाकण्याचा प्रयत्न हा कायद्यांसाठी केलेल्या लॉबिंगसारखाच धरला जाईल. म्हणजे करता येतं, मर्यादेत.

मर्यादा किती? काहीच निवड केली नसेल तर ‘भरीव प्रमाणात नाही’ अशी मोघम कसोटी लागते, आणि मोघम कसोटी म्हणजे पुढे वकिलाची फी. त्यापेक्षा फॉर्म 5768 भरून 501(एच)चा पर्याय घेतला की आकडे मिळतात: संस्थेच्या कार्यावर होणाऱ्या वार्षिक खर्चाच्या पहिल्या 5 लाख डॉलरपर्यंत 20 टक्के, आणि त्यातलाही जास्तीत जास्त चौथा हिस्सा आम जनतेला आवाहन करण्यावर. वर्षाला 2 लाख डॉलर खर्च करणाऱ्या मंडळाला याप्रमाणे 40 हजार डॉलरची मर्यादा येते, त्यात जनतेला आवाहन 10 हजारांपर्यंत. एक पत्र आणि चार ईमेलला एवढं कुठे लागतंय! तरी खर्चाची आणि पगारी कर्मचाऱ्याने दिलेल्या वेळाची नोंद ठेवा, वार्षिक विवरणपत्रात ती लागते.

हे मात्र मंडळासारख्या सार्वजनिक संस्थांपुरतं आहे. खासगी फाउंडेशनने, म्हणजे एखाद्या कुटुंबाच्या धर्मादाय निधीने, या भानगडीत पडू नये.

मंडळाने पत्र द्यायचं तर कार्यकारिणीची रीतसर बैठक, ठराव, विरोधी मतांची नोंद, मग सही. वैयक्तिक पत्रात "अध्यक्ष, अमुक मंडळ" असं लिहायचं असेल तर ‘हा उल्लेख फक्त ओळखीसाठी’ अशी तळटीप हवी.

आणि एक प्रामाणिक सल्ला: सांस्कृतिक मंडळाच्या पत्राने फार फरक पडत नाही. तुमच्या भागातल्या साउथ एशियन बार असोसिएशनकडे किंवा नॅशनल एशियन पॅसिफिक अमेरिकन बार असोसिएशनच्या स्थानिक शाखेकडे जा. त्या वकिलांच्या संघटना आहेत, त्यांची उमेदवार तपासायची स्वतःची पद्धत आहे आणि तिला वेळ लागतो. म्हणून त्यांना लवकर कळवणं हेच मंडळाचं खरं काम.

7. पाठवणं

कॅपिटलला टपालाने पत्र पाठवू नका. 2001 मध्ये टपालातून अँथ्रॅक्सचे घातक जंतू पाठवले गेले, तेव्हापासून तिथलं टपाल बाहेरच्या केंद्रात तपासून मगच आत येतं, आणि त्यात तुमची सुनावणी निघून जाते. सही केलेली पीडीएफ ईमेलने कमिटीच्या दोन्ही बाजूंच्या कर्मचाऱ्यांना, आणि प्रत घरच्या दोन्ही सिनेटरांच्या ऑफिसांना. फाईलचं नाव साधं ठेवा: उमेदवाराचं आडनाव, तुमचं आडनाव, तारीख. ‘स्कॅन001’ अशी फाईल हरवायला वेळ लागत नाही.

कधी? कागद सिनेटकडे गेल्यानंतर आणि सुनावणीच्या आधी. सुनावणी झाल्यावर आलेलं पत्रही कमिटीतल्या मतदानापर्यंत उपयोगी पडू शकतं, पण त्याच्यापुढे ते फक्त तुमच्या समाधानासाठी.

⚠ इशारा: पत्रात, फोनवर किंवा सिनेटरच्या कार्यक्रमात आपण दिलेल्या निवडणूक देणगीचा उल्लेख चुकूनही करू नका. त्यांच्या फंडरेझरला गेलात तर उमेदवाराचं नाव काढू नका. देणगी आणि मतदान एका वाक्यात आले की प्रकरण फौजदारी कायद्याकडे वळतं. "मी फक्त सहज बोललो" हे तिथे चालत नाही.

8. सुनावणीचा दिवस

सुनावण्या बऱ्याचदा डर्कसन इमारतीतल्या 226 क्रमांकाच्या खोलीत होतात आणि कमिटीच्या संकेतस्थळावर थेट दिसतात. डिस्ट्रिक्ट कोर्टाचे बरेच उमेदवार एकाच वेळी एकाच टेबलाशी बसतात, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला थोडाच वेळ येतो. मागच्या खुर्च्या कुटुंबासाठी असतात. बसभर माणसं घेऊन जायची ही जागा नव्हे. टाळ्या नाहीत, फलक नाहीत, मध्येच उठून फोटो नाहीत.

त्यापेक्षा घरी बसून नीट ऐका आणि टिपणं घ्या. कुठल्या सिनेटरने कुठला आक्षेप घेतला? एखाद्या प्रकरणाचं चुकीचं वर्णन झालं आणि त्या प्रकरणात तुम्ही स्वतः होतात, तर समन्वयकाला त्याच दिवशी कळवा. सुनावणीनंतर सिनेटर लेखी प्रश्न पाठवतात, त्यांची उत्तरं उमेदवारालाच द्यायची असतात आणि वेळ थोडा असतो. तुमच्याकडची खरी कागदोपत्री माहिती तेव्हा हाताशी असली तर मदत होते. ट्विटरवर आक्षेप घेणाऱ्याला शिव्या घालून काहीही साधत नाही, उलट बातमी मोठी होते.

9. कमिटीचं मतदान आणि मग सभागृह

कमिटीच्या बैठकीच्या यादीत नाव पहिल्यांदा आलं की सदस्य सहसा ते एक आठवडा पुढे ढकलायला सांगतात. तो नियमाने मिळालेला हक्क आहे, घात नव्हे. "नाव अडवलं!" असा संदेश फिरवण्याआधी आठवडाभर थांबा.

कमिटीने मंजूर केलं की नाव सिनेटच्या कार्यसूचीवर जातं आणि तिथे कितीही पडून राहू शकतं. मतदानाची चाहूल लागते ती क्लोचरच्या, म्हणजे चर्चा आटोपती घेण्याच्या, प्रस्तावाने. प्रस्ताव दाखल झाला की मध्ये एक दिवस सोडून त्यावर मत होतं. 2013 पासून त्यासाठी साधं बहुमत पुरतं. डिस्ट्रिक्ट जजच्या बाबतीत त्यानंतरची चर्चा 2019 पासून 30 तासांवरून 2 तासांवर आली आहे. म्हणजे प्रस्ताव आल्यावर तुमच्या हातात एक-दोन दिवस असतात. 2025 मध्ये सिनेटने अनेक नामांकनं एकगठ्ठा मंजूर करायची सोय केली, पण न्यायाधीश त्यातून वगळले आहेत. त्यांचं मतदान वेगळंच होतं.

एकेका मताची किंमत किती, ते बघा. 2014 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या डिस्ट्रिक्ट कोर्टासाठी इंदिरा तलवानी 94 विरुद्ध 0 मतांनी मंजूर झाल्या. 2023 मध्ये न्यू यॉर्कच्या ईस्टर्न डिस्ट्रिक्टसाठी नुसरत चौधरी 50 विरुद्ध 49 ने.

फोन फक्त आपल्या दोन सिनेटरांना करा. कॅपिटलचा स्विचबोर्ड 202-224-3121. बोलणं असं: "मी अमुक गावात राहते, झिप कोड अमुक. अमुक डिस्ट्रिक्टसाठी अमुक यांच्या नामांकनाच्या बाजूने सिनेटरनी मत द्यावं, ही विनंती. मी त्यांना अमुक कामातून ओळखते." धन्यवाद म्हणा आणि ठेवा. फोन उचलणारा विशीतला मुलगा-मुलगी असते, त्यांच्याशी वाद घालू नका. दुसऱ्या राज्यातल्या ऑफिसात झिप कोड विचारतात आणि तिथेच तुमचं नाव बाजूला पडतं. सिनेटरने आधीच होकार जाहीर केला असेल तर एकदा आभार माना, रोज नको.

✔ तपासा: व्हॉट्सअॅपवर फोनचं आवाहन टाकण्याआधी तारीख लिहिली का? मतदान झाल्यावर आठवडाभर फोन करत राहणारे लोक दरवेळी निघतात.

10. नामांकन परत गेलं तर

सिनेटच्या नियमाप्रमाणे अधिवेशन संपताना, किंवा 30 दिवसांपेक्षा मोठी सुट्टी लागताना, निर्णय न झालेली नामांकनं राष्ट्राध्यक्षांकडे परत जातात. सर्वसंमतीने ठेवून घेतली तर वेगळं. परत जाणं म्हणजे नकार नव्हे.

डायन गुजराती यांचं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. 2016 मध्ये ओबामांनी त्यांचं नाव न्यू यॉर्कच्या ईस्टर्न डिस्ट्रिक्टसाठी पाठवलं, जानेवारी 2017 मध्ये ते परत गेलं. 2018 मध्ये ट्रम्प यांनी पाठवलं, जानेवारी 2019 मध्ये तेही परत. त्याच वर्षी पुन्हा नामांकन झालं आणि सप्टेंबर 2020 मध्ये त्या 99 विरुद्ध 0 मतांनी मंजूर झाल्या. दोन पक्षांचे दोन राष्ट्राध्यक्ष, चार वर्षं, आणि शेवटी एकही विरोधी मत नाही.

अशा वेळी समर्थकांनी काय करायचं? नव्या नामांकनाला नवा पीएन क्रमांक मिळतो. जुनं पत्र आपोआप नव्या फाईलला लागेल असं धरून चालू नका. नव्या तारखेने, नव्या क्रमांकाने आणि कमिटीवरच्या नव्या नावांनी तेच पत्र पुन्हा पाठवा. लिहिणाऱ्यांची यादी जपून ठेवली असेल तर हे एका संध्याकाळचं काम आहे. राष्ट्राध्यक्ष बदलले असतील तर मात्र सगळं टप्पा 2 पासून, सिनेटरांच्या दारापासून.

11. मंजुरीनंतर

मत झालं की लगेच न्यायाधीश होत नाहीत. राष्ट्राध्यक्ष नेमणूकपत्रावर सही करतात, मग शपथ, आणि औपचारिक समारंभ नंतर केव्हातरी, कोर्टाच्या सोयीने. त्याची निमंत्रणं कोर्टाकडून येतात, मागून मिळत नाहीत.

आता सत्कार करा, पण न्यायाधीशांच्या चेंबरला (कोर्टातल्या त्यांच्या ऑफिसला) आधी विचारून. फेडरल न्यायाधीशांच्या आचारसंहितेप्रमाणे निधी उभारण्याच्या कार्यक्रमात ते प्रमुख पाहुणे किंवा वक्ते होऊ शकत नाहीत. मंडळाच्या दिवाळी गालाचं तिकीट देणगी म्हणून विकलं जात असेल, तर त्यांचं नाव पोस्टरवर येता कामा नये. साधे पाहुणे म्हणून येऊन बसले तर हरकत नाही. भेटवस्तूंवरही नियम आहेत. शाल-श्रीफळ ठीक आहे का, चांदीची मूर्ती चालेल का, हे चेंबरमधल्या माणसाला आधी ईमेलने विचारा आणि उत्तर येईपर्यंत काही विकत घेऊ नका.